नारळाआधीचं गलबत

"हे गलबत आज निघायचं नाय," गोमाजी नाखवा म्हणाला, आणि हातातली जाळं विणायची सुई त्याने कानावर खोचली.

मी पुस्तकातून मान वर केली. समोर पोरं आ वासून बसली होती. कप्तानाने नांगर उचलायचा हुकूम दिला होता, शिडं वर चढली होती, आभाळ काळंकुट्ट झालं होतं आणि 'चांदणी' नावाचं ते गलबत मावळतीच्या बेटाकडं निघणार, इतक्यात म्हाताऱ्याने मधेच खोडा घातला. मला वाटलं, थट्टा करतोय. पण नाखव्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"का नाही निघायचं?" मी विचारलं.

"आषाढ हाय. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याबिगर हितून कंची बोट जात नाय."

"नाखवा, ही पुस्तकातली बोट आहे."

"मंग? पुस्तकातल्या दर्याला उधाण येत नाय? आत्ता तुमीच वाचलात, लाटा डोंगरायेवड्या. त्या तांडेलाला अक्कल नसंल बाय, तुमाला तर हाय?"

पोरं खो खो हसली. मीही हसले, पण मनातून चरफडले. वाचताना मी आवाज चढवून, हातवारे करून वादळ उभं केलं होतं, आणि तेच माझ्या अंगाशी आलं होतं.

मी मूळची मानवतची, परभणीकडची. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर यायचा आणि घागर घेऊन रांगेत उभं राहायचं काम माझ्याकडं होतं. त्या रांगेत मी हे पुस्तक वाचायचे. वडिलांनी ते आठवडी बाजारातल्या रद्दीतून उचललं होतं. वरचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलेलं, नाव गेलेलं, लिहिणाऱ्याचाही पत्ता नाही. पण आत काय नव्हतं? वारा पडला की बोलायला लागणारं गलबत, स्वयंपाक करणारं पाणमांजर, पाठीवर दीपस्तंभ घेऊन फिरणारा देवमासा, माणसांच्या हरवलेल्या वस्तू वाहून जिथं लागतात ते बेट. पाण्यासाठी रांगेत उभी राहून मी समुद्र वाचत होते. मास्तरकीची नोकरी लागली तेव्हा कुठला जिल्हा हवा असं विचारलं, तर मी फटकन रायगड सांगून मोकळी झाले. वडील आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

प्रत्यक्ष समुद्राने मात्र माझी चांगलीच जिरवली. बागबंदरला रुजू झाले त्या पहिल्याच रविवारी नाखव्याच्या होडीतून हौसेनं फेरी मारायला गेले आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत पोटातलं सगळं बाहेर काढलं. त्यानंतर वर्षभर मी समुद्र लांबूनच बघितला. माझा जीव अडकला होता तो पुस्तकातल्या समुद्रात, आणि तो मला कधी लागला नव्हता.

पावसाळ्यात शाळेचं छप्पर गळायचं, म्हणून वर्ग नाखव्याच्या पडवीत भरायचा. लांबलचक, वर कौलं, तिन्ही बाजूंनी उघडी. एका अंगाला नारळाच्या झापांनी शाकारलेली त्याची बोट, दुसऱ्या अंगाला जाळ्यांचा ढीग, आणि मधे आम्ही. मच्छीमारी बंद असल्यामुळे पुरुष मंडळी घरीच असायची. नाखवा जाळी विणत बसायचा आणि पाढे, कविता, भूगोल सगळं आमच्याबरोबर निमूट ऐकायचा. शेवटच्या तासाला मी पुस्तक काढलं की त्याची सुई हळूच थांबायची. हे मला दिसायचं, आणि खरं सांगते, त्याचा मला अभिमान वाटायचा.

त्या दिवशी मात्र तो उठला. माझ्या हातातलं पुस्तक त्याने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, त्यावर जुन्या शिडाचा तुकडा लपेटला, सुतळीने करकचून बांधलं आणि आढ्याच्या वाशाला टांगून दिलं.

"बोटी शाकारल्या, तसं ह्ये पन शाकारलं," तो म्हणाला. "पुनव झाली की सोडू. आनि बाय, तोंडानं पन सांगायचं नाय. माज्या पडवीत बसता, तर माजा येवडा शब्द राखा."

मी मान डोलावली. छप्पर त्याचं होतं, आणि मी जेवत होते तेही त्याच्याच घरी.

सगळी पोरं हसत घरी पळाली. एकटी हौशी बसून राहिली. हौशी म्हणजे नाखव्याची नात, चौथीतली. तिला पळता यायचं नाही. काळजाला जन्मापासून भोक होतं. पडवीची पायरी चढली तरी थांबून दम खायची, आणि ओठ जांभळे पडायचे. दुसरी पोरं ओहोटीला वाळूत धावायची तेव्हा ती उलट्या घातलेल्या होडीवर बसून त्यांना जोरजोरात हुकूम सोडायची. तोंड भलतंच तिखट होतं तिचं. पण पुस्तक उघडलं की ती गप्प व्हायची. असं काय आवडतं तुला यात, म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"गलबतावर पळायला लागत नाय ना बाई," ती म्हणाली होती. "बसून रायलं तरी लांब जाता येतं."

इतकी वर्षं मी ते पुस्तक वाचत आले होते आणि इतकं खरं कारण मलाही सुचलं नव्हतं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिचं ऑपरेशन ठरलं होतं. आता केलं तर पोर हातीपायी धड होईल, आणखी थांबलात तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि भरती व्हायची तारीख मिळाली ती नेमकी नारळी पौर्णिमेच्या आधीची.

म्हणजे नाखव्याच्या हुकुमामुळे पुढची गोष्ट ऐकायची राहणार होती ती तिचीच. मी त्याला हे सांगून बघितलं. म्हटलं, बाकीच्यांना राहू दे नाखवा, पण तुमच्या नातीला तरी ऐकू द्या, एवढ्या मोठ्या दुखण्याला चाललीय ती. त्याने ऐकून घेतलं आणि जाळ्याचा फासा ओढत म्हणाला, "दर्या नातीसाटी येगला नसतो." मला त्याचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याकडं जेवायला गेले नाही. मथुराबाय, नाखव्याची बायको, ताट घेऊन माझ्या खोलीवर आली आणि मी संपवेपर्यंत दारात बसून राहिली.

गलबत बंदरात अडकलं खरं, पण गंमत अशी की त्यामुळे ते गावभर झालं. पोरांनी घरी जाऊन सांगितलं असणार. शेवटच्या तासाला बायका पडवीत येऊन टेकायला लागल्या. पुढचं वाचायचं नाही, तर मागचंच पुन्हा काढायच्या. पहिला प्रश्न मथुराबायचा.

"ह्या कप्तानाच्या घरी कोन हाय?"

मी आठवून बघितलं. पुस्तकात काहीच नव्हतं. कप्तान पहिल्या पानावर धक्क्यावर उभा असतो, बस. त्याला घर आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"म्हंजे कोनाला न सांगता चालला?" मथुराबाय म्हणाली. "बरा हाय की."

मग बायकांनीच त्याला आई दिली. आई दिल्यावर ती त्याला रिकाम्या हाताने कशी धाडेल? म्हणून शिदोरीची चर्चा सुरू झाली आणि ती चांगली रंगली. सुके बोंबील द्यायचे यावर एकमत झालं, जवळा द्यायचा का यावर मात्र दोन तट पडले, कारण पाणमांजर तो वाटेतच संपवील अशी काहींना खात्री होती. पोरांनी पाटीवर गलबताची चित्रं काढली आणि त्यात पाण्याची पिंपं, बर्फाचे खण आणि डिझेलचे डबे रचले. शिडाच्या गलबताला डिझेल कशाला, मी विचारलं. वारा पडला तर, असं उत्तर आलं. वारा पडला की ते गलबत बोलायला लागतं, मी आठवण करून दिली. नुसतं बोलून घरी पोचतं का, हौशीने विचारलं.

हौशीचं दुसरं काम म्हणजे माझ्यामागे भुणभुण लावणं. गुपचूप सांगा, कानात सांगा, एकच बेट सांगा. ती वाशाला टांगलेल्या गाठोड्याकडं बघत बसायची. नाखव्याची गाठ सोडणं तिच्या बापाला, काशालासुद्धा जमायचं नाही, मग तिला काय जमणार? मी शब्द दिला होता म्हणून गप्प होते, पण मनाशी ठरवून टाकलं होतं. ती निघेल त्या दिवशी एस. टी.च्या खिडकीशी उभी राहून मी तिला सगळं सांगणार होते. पडवीत सांगणार नाही एवढाच तर शब्द होता, आणि एस. टी. स्टँड काही नाखव्याच्या पडवीत येत नव्हतं.

आता त्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी पहिल्यांदा तिथं जेवायला जायला लागले ते पावसाळा संपल्यावर, बोटी समुद्रावर जायला लागल्यावर. त्या घरात एक काम धड पुरं झालेलं दिसायचं नाही. जात्यात मूठभर तांदूळ तसेच पडलेले. भिंतीला अर्ध्यापर्यंत चुना, वर तशीच ओकीबोकी. नवीन जाळं कडेच्या ओळी विणायच्या सोडून खुंटीला. मी आपली शिस्तीची, चार वेळा बोलून दाखवलं. मथुराबाय नुसती हसायची. मग पावसाळा लागला, पुरुष घरी आले आणि बघता बघता भिंत पांढरी झाली, जाळं विणून झालं, जातं पुसून लख्ख. मी म्हटलं, चला, माणसं घरात असली की कामं होतात तर. त्यापलीकडं मी काही विचार केला नाही.

हौशीला न्यायचा दिवस उजाडला. सकाळची पहिली गाडी होती. मी लवकर त्यांच्या घरी गेले. काशा पिशव्या बांधत होता, हौशी नवा झगा घालून उंबऱ्यात बसली होती आणि तिचं तोंड फुगलेलं होतं. मथुराबाय आणि काशा तिच्याबरोबर जाणार, म्हणून घर आवरून ठेवावं असं मला वाटलं. माजघरात जात्याजवळ गेले तर जात्यात मूठभर तांदूळ.

मी सुपलं घेतलं आणि दाणे काढायला वाकले. मागून मथुराबायने माझं मनगट धरलं.

"राऊ दे बाय," ती म्हणाली. "ह्ये पोरीचं हाय."

"पोरीचं म्हणजे?"

"मानूस भायेर गेला की घरात काय तरी अर्धं ठेवायचं. पुरं केलं तर त्याला यायला कारन काय रायलं?" तिने पदराने डोळे पुसले. "कोन दर्याला गेला की मी जात्यात ठेवते. म्हातारा जाल्यात ठेवतो. पोरीसाटी त्याला काय सुचंना. मंग तुमचं पुस्तक दिसलं."

मी तशीच वाकलेली, सुपलं हातात. वर्षभर मी ज्याला आळस म्हणत होते, ज्याला हेकटपणा म्हणत होते, ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर एकदम सरळ उभं राहिलं. आषाढ आणि उधाण आणि नारळ हे म्हाताऱ्याने पुढं केलेलं होतं. इस्पितळाची तारीख त्याला माझ्याआधी कळली होती. ज्या दिवशी ती कळली, त्याच दिवशी त्याने गलबत अडवलं होतं.

स्टँडवर भुरभुर पाऊस होता. हौशीला खिडकीची जागा मिळाली. नाखवा लांब, पाठ फिरवून, छत्री धरून उभा. त्याच्याकडं बघून हौशीने मला बोटाने जवळ बोलावलं.

"आजा तिकडं बघतोय," ती कुजबुजली. "सगली गोष्ट नको. येकच सांगा. गलबत परत येतं का?"

आता बघा. पोर छाती उघडून घ्यायला चालली आहे आणि तुम्हाला विचारते आहे, गलबत परत येतं का. कुणीही काय सांगेल? माझ्या ओठांवर शब्द आलाही होता. मी विज्ञानाची पदवीधर. त्याच पडवीत, त्याच पोरांना मी अंधश्रद्धेवरचा धडा शिकवला होता, मांजर आडवं गेलं तर काही होत नाही म्हणून फळ्यावर लिहून दिलं होतं. आणि तीच मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते आणि तो शब्द तोंडातून बाहेर काढायची माझी छाती होईना.

"नाही सांगत," मी म्हटलं. "तू ये. मग वाचू."

हौशीने माझ्याकडं असं बघितलं की तसं पुन्हा कुणी बघू नये. मग तोंड दुसरीकडं फिरवलं.

"तुमी पन आजाच्याच," ती म्हणाली, आणि गाडी हलली तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी स्टँडच्या बाकावर बसून रडले. लाज वाटायचंही भान राहिलं नाही. जरा वेळाने नाखवा शेजारी येऊन बसला. छत्री त्याने माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिला.

"माजा बाप गेला त्या दिशी आयेनं सगलं दलून ठेवलं होतं," तो म्हणाला. "बिचारीला ठाव नव्हतं." एवढंच बोलला, आणि आम्ही घरी आलो.

दिवस काही सरता सरेनात. गावात फोन एकच, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात. शाळा सुटली की मी आणि नाखवा तिथं जाऊन बसायचो. आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोलत नव्हतो, पण आमचं भांडण कधी मिटलं ते आम्हालाही कळलं नाही. मध्ये नारळी पौर्णिमा आली. बोटी रंगवून झाल्या, पताका लागल्या, वाजतगाजत नारळ दर्यात गेला आणि नाखव्याची बोटही काशाच्या भावाने बाहेर काढली. पोरं पडवीत जमली, आता सोडा म्हणाली गाठ. नाखव्याने वाशाकडं बघितलं आणि मान हलवली.

"थांबा. गलबताचा येक मानूस यायचाय."

फोन आला तो एका दुपारी. सोसायटीचा कारकून धावत पडवीत आला. ऑपरेशन झालं होतं, पोर शुद्धीवर आली होती. मथुराबायने फोनवर सांगितलेलं त्याने जसंच्या तसं सांगितलं: डोळे उघडल्यावर हौशीने पाणी मागितलं नाही की घरचं काही विचारलं नाही, विचारलं काय, तर म्हाताऱ्याने गाठ सोडली का. नाखवा हसायला लागला. हसता हसता त्याने कानावरची सुई काढली, पुन्हा खोचली, पुन्हा काढली, आणि मग जाळ्याच्या ढिगावर तोंड खाली घालून बसला. पोरांना मी समुद्र बघायला पाठवून दिलं.

ती आली नवरात्रात. डॉक्टरांनी एवढ्यात पळायचं नाही म्हणून बजावलं होतं, ते तिने मोठ्या नाराजीने पाळलं. पण स्टँडपासून पडवीपर्यंत ती चालत आली आणि वाटेत कुठंही थांबली नाही. सगळं गाव मागून चाललं होतं. पायरी आली. ती चढली. दम खायला थांबेल म्हणून सवयीनं सगळेच थांबले आणि ती आमच्याकडं वळून बघायला लागली की हे का थांबले. तिचे ओठ मी तेव्हा पहिल्यांदा गुलाबी बघितले.

"सोडा," तिने आजाला फर्मावलं.

पावसाळ्याच्या ओलीने सुतळी फुगली होती. गाठ काही सुटेना. कुणी तरी कोयता आणला तर नाखवा त्याच्या अंगावर खेकसला, आणि नखांनी, दातांनी, शेवटी जाळ्याच्या सुईने त्याने ती उकलली. मग नारळ मागवला. गलबताचा स्वतःचा नारळ अजून बाकी होता ना. सगळी वरात पाण्यापर्यंत गेली, नाखव्याने पाण्यात उभं राहून हात जोडले आणि नारळ सोडला. पडवीत परत आल्यावर मी वाचायला बसले तर हौशीने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"नांगर उचला," तिने वाचलं, आणि 'चांदणी' निघाली.

पुढचे दिवस मजेत गेले. देवमाशाच्या पाठीवरचा दिवा विझला तेव्हा बायकांनी जीव मुठीत धरला. हरवलेल्या वस्तूंच्या बेटावर कप्तानाला काय सापडतं यावर पैजा लागल्या. पुस्तकात आई नव्हती, पण हौशी वाचता वाचता ती घालायची. कप्तान जेवायला बसला की हा बोंबील आईने दिलेला, असं ती खुशाल छापल्यासारखं वाचून दाखवायची, आणि मी तिला एकदाही टोकलं नाही.

दिवाळीची सुट्टी आली तेव्हा शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. मी मानवतला निघाले होते. आणि नुसती सुट्टीला नव्हते निघाले. वडिलांनी ओळखीपाळखीने माझ्या बदलीचं जमवत आणलं होतं, आता मी जाऊन साहेबांना हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. मलाही घरची ओढ होती, खारट हवेने जीव विटला होता. हे मी बागबंदरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण ज्या गावात दुसऱ्याच्या जाळ्यात काय लागलं ते बोट किनाऱ्याला लागायच्या आधी कळतं, तिथं असल्या गोष्टी लपतात थोड्याच?

निघायच्या आदल्या दिवशी सगळी पडवीत जमली. म्हटलं, एवढं संपवून टाकू आणि आनंदाने निरोप घेऊ. हौशीने पुस्तक उघडलं, माझ्याकडं एकदा बघितलं, मिटलं आणि आजाच्या हातात दिलं.

"शाकारा."

"अगं, एवढंच तर राहिलंय," मी म्हटलं.

"तुमी भायेर चाललाव."

"मला शेवट पाठ आहे, हौशे. माझ्यासाठी कशाला ठेवतेस?"

"तुमाला ठाव हाय," ती म्हणाली. "आमाला कुटं ठाव हाय? आमाला कोन सांगनार?"

नाखवा सुतळीला गाठ मारत होता आणि मुद्दाम माझ्याकडं बघत नव्हता. जेवायला घरात गेले तर जात्यात मूठभर तांदूळ होते. त्या दिवसांत काशाही किनाऱ्यालाच होता. ते कुणासाठी ठेवले होते, हे मला विचारावं लागलं नाही.

मानवतला वडिलांनी सगळी तयारी ठेवली होती. इस्त्रीची साडीसुद्धा काढून ठेवली होती साहेबांकडं जायला. मी बदली नको म्हटलं. का नको, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक प्रकरण वाचायचं राहिलंय. खाऱ्या वाऱ्याने पोरीचं डोकं फिरलं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पुढं कैक वर्षं ते पाहुण्यारावळ्यांना हेच सांगत राहिले.

मी परत आले. पडवीत गाठ सोडायला बसलो तेव्हा एक पंचाईत लक्षात आली. मी आले होते, पण काशा बोटीवर गेला होता. काशा आला तर शेजारचा पांडू गेला. बागबंदरात कुणी ना कुणी कायम बाहेर असायचंच, आणि कुणी बाहेर असताना पुस्तक पुरं करायला कुणी तयार होईना. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. शेवटी बोटी वर ओढल्या, झापांनी शाकारल्या, गावातला एकूण एक माणूस घरी आला, आणि त्या आषाढात, भर उधाणात, गोमाजी नाखव्याने स्वतःच्या हाताने गाठ सोडून शेवटचं प्रकरण वाचायला दिलं. पहिल्या वर्षी आषाढात गलबत अडवणारा हाच तो म्हातारा, असं मी त्याला ऐकवलं. त्याला ऐकू आलं नाही म्हणे.

तेव्हापासून हीच रीत पडली. पौर्णिमेच्या नारळाला पुस्तक उघडायचं, वर्षभर सावकाश वाचायचं, शेवट आषाढात. नाखवा गेला, मथुराबाय गेली, मी रिटायर होऊन इथंच राहिले. बोटीत बसले तर अजूनही पोटात ढवळतं. पुस्तक आता हौशी वाचते. तिच्या नव्या पिढीच्या श्रोत्यांना कप्तानाची आई पुस्तकातच आहे असं वाटतं, आणि हौशीही तसंच ठोकून देते.

गलबत परत येतं का, हे तुम्हालाही विचारायचं असणार. एरवी मी सांगितलं असतं, माझं काय जातं? पण आज सकाळीच हौशीचा थोरला बोट घेऊन बाहेर पडलाय, आणि मघाशी मी तिच्या घरी गेले तर भिंतीला अर्ध्यापर्यंतच रंग लावलेला होता. तुम्ही आषाढात या. पडवीत बसायला जागा आहे.